नेट चालू, वेब बंद: एका सेवा केंद्रातले चार दिवस

पार्श्वभूमी

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या अंगाला, तालुक्यापासून २८ किलोमीटरवर. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. बसथांब्यासमोर दोन गाळे आहेत. एकात खत-बियाण्याचं दुकान, दुसऱ्यात सेवा केंद्र. सातबारा, आठ अ, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि जुलै आला की पीक विमा, ही सगळी कामं इथेच होतात.

केंद्रचालक माझा जुना विद्यार्थी. मी तालुक्याला संगणकाचे वर्ग घ्यायचो तेव्हा तो सायकल एसटीच्या टपावर टाकून यायचा. आता केंद्र चांगलं चालवतो. हिशेब चोख, बोलणं गोड, आणि टायपिंग माझ्यापेक्षा जलद. अजूनही मला ‘सर’ म्हणतो आणि अडलं की फोन करतो. एरवी हे बरंच वाटतं. या प्रकरणात मात्र माझ्याच दोन उत्तरांनी त्याचे दोन दिवस वाया गेले, म्हणून हे लिहितोय.

केंद्रातला संगणक तालुक्यातून जोडून आणलेला, दहाएक वर्षं जुना. सोबत प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि एक इन्व्हर्टर. इंटरनेट स्थानिक केबलवाल्याच्या फायबरवरून येतं. भिंतीवर पांढरा डबा, त्यातून संगणकाला वायर. चालकाचा मोबाइल मात्र कायम सिमकार्डच्या डेटावर. पॅक अमर्याद असल्यामुळे फोनला वायफाय लावायची गरज त्याला कधी पडली नव्हती. हा बारकावा लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

अडचण

२२ जुलैच्या रात्री कडाडून पाऊस झाला आणि गावची डीपी जळाली. लाइन आली ती २४ च्या सकाळी. दीड दिवसात इन्व्हर्टर पार निजला होता. संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या आणि एफ-वन दाबा म्हणाल्या. चालकाने दाबलं, आतल्या निळ्या पडद्यावर घड्याळात शून्य-शून्य दिसलं ते हातघड्याळ पाहून नीट केलं, तारीख-महिना लावला आणि बाहेर पडला. बाहेर तोवर सात-आठ जण येऊन बसले होते. डवरणीचे दिवस, घटकाभर सुट्टी काढून आलेली माणसं. विम्याची मुदत जुलैअखेर.

विम्याची साइट उघडेना. दुसरी शासकीय साइट उघडेना. गूगल उघडेना, यूट्यूबही नाही. प्रत्येक ठिकाणी पानाऐवजी एक इशारा यायचा. त्या इशाऱ्यात काय लिहिलं होतं ते मला चार दिवसांनी कळलं, कारण मी विचारलंच नाही.

कोपऱ्यातलं जाळ्याचं चिन्ह मात्र ठीक दिसत होतं. बोट नेलं की ‘इंटरनेट अॅक्सेस’ म्हणायचं. चालकाच्या मोबाइलवर व्हॉट्सअॅप धडाधड येत होतं. त्याने लावलेला हिशेब साधा होता: सिमचं नेट चालू, फायबरचं बंद. दाराबाहेरच्या मंडळींना सांगून टाकलं, “नेट बंद हाय, उद्या या.”

पहिला निर्णय: कोणाला फोन करायचा

त्याने केबलवाल्याला फोन लावला. तेवढ्यात न भागल्याने दुसऱ्या दिवशी मलाही लावला.

“सर, नेट बंद हाय.”

मी विचारलं, डब्यावर लाल दिवा लागलाय का? तो म्हणाला, नाही, सगळे हिरवे. मी म्हणालो, “कंपनीवाल्याच्या मागे लाग, त्यांच्याकडूनच काहीतरी असेल.” एक मिनिट सात सेकंदांचा कॉल. फोनमध्ये नोंद अजून आहे.

इथे मी काय केलं ते पाहा. त्याने ‘नेट’ म्हटलं आणि मीही ‘नेट’च ऐकलं. दिवे हिरवे आहेत हे त्यानेच सांगितलं होतं, म्हणजे फायबरचा उजेड डब्यापर्यंत पोहोचत होता. तरी मी त्याला फायबरवाल्याकडेच पाठवलं.

२५ ला दुपारी केबलवाल्याचा पोरगा आला. वायर काढून मीटर लावला, उणे एकवीस दाखवलं, म्हणाला, लाइन मस्त आहे. मग संगणकावर काळी खिडकी उघडून त्याने ‘पिंग ८.८.८.८’ टाइप केलं. पिंग म्हणजे जाळ्यावरच्या दूरच्या संगणकाला हाक मारून तो ओ देतो का ते पाहणं. लगेच चार ओळी आल्या, रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय. “हे बघा, नेट चालू हाय,” म्हणाला, भेटीचे दोनशे रुपये घेतले आणि निघाला.

चालकाने ते दृश्य मला नंतर सांगितलं तेव्हाही त्याचा राग गेला नव्हता. “सर, त्याच्या काळ्या खिडकीत नेट हाय अन् माह्या साइटीत नाही. हे कसं काय?”

इतका अचूक प्रश्न मी वर्गातही कुणी विचारलेला ऐकला नाही. त्या पोराचं खरं होतं आणि चालकाचंही. इंटरनेट चालू होतं, वेब, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या साइट, बंद होतं. दोघं एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत होते.

त्या वेळी रांगेत एक काकाजी बसले होते. दोन एकर ओलीत, मोटारपंपाशी रोजचा झगडा असणारा माणूस. ते म्हणाले, “बल्ब लागते ना तुहा? मंग लाइन हाय. मोटर पाय.” सगळे हसले. शेतातल्या खोपीत मोटार चालेना की शेतकरी आधी बल्ब लावून पाहतो. बल्ब लागला तर तारेवर चढण्यात अर्थ नाही. स्टार्टर पाहायचा, कपॅसिटर पाहायचा. काकाजींनी आमचं निदान २५ तारखेलाच अर्ध्यावर आणलं होतं. ऐकलं कुणी नाही.

पर्याय

२५ च्या संध्याकाळी चालकासमोर चार वाटा होत्या. वहीत ४० च्या वर नावं चढली होती.

एक, थांबायचं. आपोआप सुरू होईल या आशेवर. मुदत सहा दिवसांवर असताना हे परवडणारं नव्हतं.

दोन, सिमवर चालणारं डोंगल आणायचं. फायबर बंद असल्याचं निदान खरं धरलं तर हाच सरळ उपाय.

तीन, संगणक जोडून देणाऱ्याचा सल्ला. त्याने फोनवरच सांगितलं, “व्हायरस असेल, विंडोज नवीन टाकून घ्या, पाचशे रुपये.” चालकाने नाही म्हटलं, कारण डेस्कटॉपवर लोकांचे दोनशेच्या वर कागद स्कॅन करून पडले होते आणि प्रत दुसरीकडे कुठेच नव्हती. कारण वेगळं, निर्णय बरोबर. विंडोज नवीन टाकलं असतं तरी दोषाचं मूळ तसंच राहिलं असतं, वर कागदही गेले असते.

चार, लोकांना तालुक्याला पाठवायचं. यात गिऱ्हाईक जातं आणि माणसाचा दिवसही.

त्याने डोंगल निवडलं. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

केलेल्या गोष्टी

२६ ला तो तालुक्याला जाऊन १,९०० रुपयांचं डोंगल आणि २९९ चा रिचार्ज घेऊन आला. संध्याकाळी लावलं. फायबरची वायर काढली. विम्याची साइट टाकली. तोच इशारा.

या क्षणावर मला थोडं रेंगाळायचं आहे. फायबर एका वाटेने जातं, सिम दुसऱ्या वाटेने. तार वेगळी, टॉवर वेगळा, कंपनी वेगळी. दोन्ही वाटांवर अगदी सारखाच अडथळा येतो म्हणजे अडथळा वाटेवर नाही. तो वाटेच्या दोन टोकांपैकी एकाला आहे, एक तर साइटकडे, नाही तर आपल्या संगणकात. २,१९९ रुपये खर्चून चालकाने एक उत्तम चाचणी करून घेतली होती. निष्कर्ष मात्र त्याने वेगळा काढला: “म्हणजे साइटच बंद हाय.” मग गूगल आणि यूट्यूब का उघडत नाहीत, हा प्रश्न दिवसभराच्या दगदगीत कुठे राहिला कोण जाणे.

२७ ला दारावर कागद लागला: ‘सर्व्हर डाऊन’. आपल्याकडे या दोन शब्दांपुढे कुणी काही विचारत नाही. बँकेपासून रेशनपर्यंत सगळ्यांना सवय आहे. वहीतले १४ जण एसटीने तालुक्याला गेले, आणि संध्याकाळी त्यातला एक पावती हातात घेऊनच परतला. “तथी तं पटापट होऊन रायलं बाप्पा,” म्हणाला.

चालकाने मला दुसऱ्यांदा फोन केला. या वेळी मी जरा शहाणपणा दाखवला आणि तोही चुकीचा. मला वाटलं डीएनएस. साइटचं नाव आपण अक्षरांत टाइप करतो, जाळ्याला मात्र आकड्यातला पत्ता लागतो. नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ती बिघडली की पिंग आकड्याला लागतं पण नावाने साइट उघडत नाही. लक्षणं जुळत होती. तासभर फोनवर त्याच्याकडून सेटिंग बदलून घेतल्या. काही झालं नाही. पावसात फोन तीनदा कटला. शेवटी म्हणालो, “सकाळी येतो.”

खरा दोष

२८ ला सकाळी गाडीवर निघालो. शेवटचे चार किलोमीटर काळ्या मातीने चाकं जाम केली, काडीने माती खरवडत पोहोचलो. केंद्रात अकरा माणसं बसलेली. मी चालकाला म्हटलं, साइट उघड आणि जे येतं ते मोठ्याने वाच.

तो वाचू लागला: “तुमचे घड्याळ मागे आहे.”

“हे पहिल्या दिवसापासून येतंय?”

“हो सर. पण हे खोटं हाय. टाइम बराबर हाय, तारीख बराबर हाय, मी सोता पाह्यलं ना. अन् हे म्हणते घड्याळ मांगं हाय.”

मी वाकून कोपऱ्यात पाहिलं. १०:२२. त्याखाली २८-०७-२०१५.

वेळ बरोबर होती. तारीख बरोबर होती. महिना बरोबर होता. चार दिवसांत त्या कोपऱ्याकडे किती जणांनी पाहिलं असेल? चालक, केबलवाल्याचा पोरगा, रांगेतली शिकलेली पोरं. साल कुणी वाचलं नाही, कारण चालू साल कोणतं हे विचारायला माणूस संगणकाकडे पाहतच नाही.

संगणकाच्या आतल्या मुख्य पट्टीवर, मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. प्लगमधून वीज येत असेतो बोर्डाला थोडी विजेची धार मिळत राहते, त्यामुळे सेल मेला तरी कळत नाही. या केंद्रात इन्व्हर्टरमुळे वीज कधी पूर्ण तुटलीच नव्हती. सेल केव्हाच मेला असणार. डीपी जळाली, इन्व्हर्टर निजला, आणि घड्याळ कारखान्यातल्या मूळ तारखेवर, १ जानेवारी २०१५ वर जाऊन बसलं. चालकाने त्यातली वेळ, दिवस आणि महिना सुधारला. आपोआप वेळ जुळवण्याचं बटण कुणीतरी कधीच बंद करून ठेवलं होतं.

मी साल बदललं, साइट पुन्हा उघडली. उघडली. मागून कुणीतरी म्हणालं, “झालं?” इतकंच.

साल चुकल्याने साइट का अडते

चालकाला हे समजावताना फार कष्ट पडले नाहीत, कारण त्याचा अर्धा धंदाच दाखल्यांचा आहे. हल्ली जवळपास प्रत्येक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे आधी साइटची ओळख तपासणाऱ्या सुरक्षित पद्धतीवर, चालते. ब्राउझर साइटकडे गेला की साइट आधी आपलं प्रमाणपत्र पुढे करते. त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध, असं असतं. सप्टेंबर २०२० मध्ये ही कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली आणि पुढे ती आणखी कमीच होत चालली आहे. ब्राउझर ते प्रमाणपत्र आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१५ म्हणतंय आणि प्रमाणपत्र त्यानंतर कित्येक वर्षांनी दिलेलं. म्हणजे या संगणकाच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्माला यायचं आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर पुढच्या सालाची तारीख दिसली तर चालक तरी तो अर्जाला जोडेल का?

आता खरी गंमत. घड्याळाचा इशारा दिसायला आधी काय काय घडावं लागतं? नावावरून आकडा सापडावा लागतो. फायबरमधून निरोप साइटपर्यंत जावा लागतो. साइटने प्रमाणपत्र परत पाठवावं लागतं आणि ब्राउझरने ते वाचावं लागतं. म्हणजे तो इशारा हाच फायबर चालू, डीएनएस चालू आणि साइटही चालू असल्याचा लेखी पुरावा होता. मी तासभर डीएनएसशी झटत होतो तेव्हा उत्तर पडद्यावर मराठीत लिहिलेलं होतं.

कोपऱ्यातलं चिन्ह ‘इंटरनेट अॅक्सेस’ म्हणत होतं तेही खोटं नव्हतं. विंडोज त्यासाठी एक लहानशी फाइल साध्या एचटीटीपीवर मागवून पाहतं; त्यात प्रमाणपत्राचा प्रश्नच येत नाही. पिंगला तर घड्याळ काय आणि साइट काय, कशाचंच देणंघेणं नाही. त्यामुळे बाकी सगळं हिरवं आणि फक्त वेब लाल.

रांग थोडी कमी झाल्यावर मी मुद्दाम साल पुन्हा २०१५ केलं. ‘एचटीटीपी’पासून पत्ता पूर्ण टाइप करून इन्फो डॉट सर्न डॉट सीएच उघडलं. पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांच्या चार ओळी, लगेच आल्या. वेब जिथे जन्मलं त्या सर्न प्रयोगशाळेने जपून ठेवलेला हा जगातल्या पहिल्या संकेतस्थळाचा पत्ता आहे आणि तो साध्या एचटीटीपीवर चालतो. मग विम्याची साइट टाकली. घड्याळाचा इशारा हजर. चालक दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिला. मग म्हणाला, “सर, सालच मांगं गेलं होतं ना!” साल परत नीट करायचं मी त्यालाच सांगितलं.

एक शब्द, दोन वस्तू

हे सगळं घडलं त्याच्या मुळाशी एक शब्द आहे. आपल्याकडे ‘नेट’ म्हणजे सगळंच.

इंटरनेट हे संगणकांना संगणक जोडणारं जाळं. तारा, टॉवर, समुद्राखालच्या केबल आणि निरोप तुकड्यातुकड्यांनी पोहोचवण्याचे नियम. त्याची मूळ प्रायोगिक आवृत्ती, आर्पानेट, १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. आजचे टीसीपी/आयपी हे नियम तिने १ जानेवारी १९८३ ला स्वीकारले. या सगळ्यात वेब कुठेच नाही. ईमेल मात्र होता. रे टॉमलिन्सनने दोन संगणकांमध्ये निरोप पाठवून नावापुढे ते ‘@’ चिन्ह वापरलं ते १९७१ मध्ये.

वेब आलं नंतर. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये प्रस्ताव मांडला. कागदपत्रं एकमेकांना दुव्यांनी जोडायची आणि कुठूनही वाचायची सोय, ही कल्पना. १९९१ मध्ये ते बाहेरच्या लोकांना खुलं झालं, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते सर्वांना फुकट वापरायला देऊन टाकलं. वेब इंटरनेटवर चालतं, जसं व्हॉट्सअॅप चालतं, ईमेल चालतो, व्हिडिओ कॉल चालतो. मोबाइलवरचं व्हॉट्सअॅप ब्राउझर न उघडताच चालतं. ते चालू आहे यावरून वेबबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आपला गोंधळ समजण्यासारखा आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. तोवर वेब जन्मून मोकळं झालं होतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी वीस वर्षं वेबशिवायचं इंटरनेट वापरलं; आपण पाहिलं तेव्हा दोन्ही एकाच खिडकीत बसलेली होती. माझ्या पिढीने पहिलं ‘नेट’ पाहिलं ते नेट कॅफेत, दहावीच्या निकालाला, दहा जणांनी एकाच पडद्यावर माना घालून. ती होती वेबसाइट. आम्ही तिलाच नेट म्हणालो आणि तसंच पोरांना शिकवलं. वर्गात मी दोन्हींच्या व्याख्या फळ्यावर लिहून द्यायचो, परीक्षेला दोन गुणांना. काळी खिडकी उघडून पिंग आणि ब्राउझर शेजारी शेजारी कधी दाखवले नाहीत.

निकाल

वहीतल्या ७१ नावांपैकी १४ जणांनी तालुक्याला अर्ज भरले होते. उरलेल्या ५७ पैकी ५५ अर्ज ३१ च्या रात्रीपर्यंत गेले. चालक आणि त्याची बायको दोन रात्री दीड-दोनपर्यंत बसली. ती कागद लावून द्यायची, हा टाइप करायचा.

दोन राहिले. एकाच्या आधारवरचं नाव सातबाऱ्याशी जुळत नव्हतं, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. दुसरी एक बाई, एकटी, दोन एकर पऱ्हाटी. ती २४ ला आली, २६ ला आली, दोन्ही वेळा परत गेली. तिसऱ्यांदा आली नाही. घरी निरोप पाठवला होता. ती निंदणाला दुसऱ्या गावात गेली होती. १ तारखेला ती आली तेव्हा चालकाने तिला काय सांगितलं हे त्याने मला सांगितलं नाही.

खर्चाचं म्हणाल तर डोंगल आणि रिचार्ज २,१९९, केबलवाल्याची भेट २००, आणि १४ जणांचं एसटी भाडं आणि एकेक दिवसाची मजुरी. नवीन सेल चाळीस रुपयांना आला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापासून सुरुवात करतो. “नेट बंद आहे” असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न आता एकच असतो: पडद्यावर जे लिहिलंय ते अक्षर न गाळता वाचून दाखव, नाही तर फोटो पाठव. व्हॉट्सअॅप तर चालूच होतं! २५ तारखेला एक फोटो मागितला असता तर प्रकरण त्या एक मिनिट सात सेकंदांच्या पुढे फार गेलं नसतं. शिकवणाऱ्या माणसाला लक्षणावरून रोग ओळखण्याची हौस असते, ती मला महागात पडली. महागात पडली म्हणजे त्याला.

चालकाकडे २४ तारखेलाच एक फुकटची चाचणी होती. मोबाइलचा सिम डेटा बंद करायचा, फोन त्याच फायबरच्या वायफायवर घ्यायचा आणि फोनच्या ब्राउझरमध्ये विम्याची साइट उघडायची. ती उघडली असती, कारण फोनचं घड्याळ बरोबर होतं. मग फायबर सुटलं, साइट सुटली, उरला एकटा संगणक. त्याने मोबाइल तपासला होता, पण वेगळ्या वाटेवर आणि वेगळ्या कामासाठी: सिमवर व्हॉट्सअॅप. वाट बदलली आणि कामही बदललं, तर तुलना कशाची कशाशी करणार?

डोंगल घ्यावं की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो, पैसे वाया गेले. मला वाटतं एवढ्या आडगावात दुसरी वाट हाताशी असलेली बरी. पण शेजारच्या दुकानदाराचा फोन हॉटस्पॉट म्हणून दहा मिनिटं मागितला असता तरी तीच चाचणी झाली असती.

केबलवाल्याच्या पोरावर मी राग धरत नाही. त्याचं काम लाइनचं, लाइन त्याने तपासली. पण ‘नेट चालू हाय’ म्हणून निघण्याऐवजी ‘लाइन चालू हाय, दोष संगणकात किंवा साइटीत पाहा’ एवढं म्हटलं असतं तर दोनशे रुपये वसूल होते.

सेल बदलला, आपोआप वेळ जुळवण्याचं बटण चालू केलं, स्कॅन केलेल्या कागदांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढली. संगणकाशेजारी भिंतीवर चालकाने स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे. वर ‘बल्ब’ आणि खाली ‘मोटर’ असे दोन रकाने. बल्बखाली लिहिलंय: दिवे, पिंग. मोटरखाली: इशारा वाचा, साल पाहा, मोबाइल वायफायवर, दुसरी साइट, दुसरा ब्राउझर. काकाजींना तो कागद वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, स्टार्टर राहिला.

ऑक्टोबरात त्याचा पुन्हा फोन आला. सोयाबीन घरात येत होतं, कसल्या तरी नोंदणीची गर्दी होती. “सर, पिंग लागते. गूगल खुलते. साल बराबर हाय. ती एक साइट मोबाइलच्या वायफायवर बी खुलत नाही, सिमवर बी नाही.” मी विचारलं, मग मला फोन कशाला केलास? तो म्हणाला, “सांगाले केला.” दारावरचा कागद त्याने फोटो काढून पाठवला: ‘साइट बंद आहे. नेट चालू आहे. झेरॉक्स, सातबारा मिळेल.’